डायबिटीस, नोकरी आणि अपंगत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायबिटीस निघाला की लोक आधी खाण्यापिण्याचं विचारतात आणि मग जरा आवाज खाली आणून नोकरीचं विचारतात. ऑफिसात सांगू का, लपवू का, काढून टाकतील का, उद्या डोळे-पाय गेले तर घर कसं चालणार. हेच प्रश्न पुन्हापुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. औषधाचा डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम, आणि कायद्याच्या बाबतीत तुम्ही जिथे काम करता तिथला नियम बघूनच पुढचं पाऊल टाका.

डायबिटीस झाला म्हणजे मी अपंग झालो का?

यात दोन प्रश्न एकत्र झालेत. शरीराचं म्हणाल तर नाही. नुसत्या निदानाने कोणी अपंग होत नाही, जगात ५० कोटींहून जास्त प्रौढांना डायबिटीस आहे आणि त्यातले कितीतरी लोक रोज कामावर जातात, शेजारच्या टेबलवरच्या माणसालाही पत्ता नसतो.

कायद्याचं मात्र वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात अपंगत्व म्हणजे फक्त शरीरातली उणीव असं धरलेलंच नाही, दीर्घकाळ राहणारी उणीव आणि आजूबाजूचे अडथळे यांची गाठ पडली की माणूस बाजूला पडतो असा त्याचा अर्थ आहे. डायबिटीसला हे अगदी लागू पडतं, कारण इन्सुलिन घेणारा माणूस वेळेवर खायला मिळतं त्या जागी ठणठणीत काम करतो आणि सहा तास मशीन सोडायचंच नाही अशा जागी तोच माणूस अडचणीत येतो. माणूस तोच, आजार तोच, फक्त जागा बदलली.

अमेरिकेत याची मोठी लढाई झाली. तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये आला, पण १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की औषध किंवा साधन वापरून त्रास आटोक्यात असेल तर अपंगत्व ठरवताना तेही धरायचं. म्हणजे डायबिटीस आहे म्हणून नोकरी नाकारलेला माणूस कोर्टात गेला की त्याला ऐकावं लागायचं, तू तर इन्सुलिन घेऊन ठीक आहेस मग तुला संरक्षण कशाला. शेवटी २००८ ला कायद्यात दुरुस्ती झाली, औषधाचा परिणाम बाजूला ठेवून बघायचं असं ठरलं आणि शरीरातल्या ग्रंथींचं काम बिघडणं हेही त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही उपचाराचा परिणाम वगळूनच बघतात. भारताच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत, त्यात नुसता डायबिटीस नाही, पण डायबिटीसमुळे नजर गेली किंवा पाय कापावा लागला तर ते अपंगत्व त्यात येतं.

तेव्हा "कायद्याने अपंग" या शब्दाला घाबरू नका. जिथे तो लागू होतो तिथे तो हक्क मागायचा दरवाजा आहे, त्याने तुमची किंमत कमी होत नाही.

टाइप १ आणि टाइप २, नोकरीच्या दृष्टीने काही फरक पडतो का?

टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, टाइप २ मध्ये ते कमी पडतं किंवा नीट काम करत नाही. पण नोकरीत प्रकारापेक्षा औषध काय चालू आहे त्याने जास्त फरक पडतो. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या, यांनी शुगर लो होऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असाल तर ती भीती फार कमी. म्हणून "डायबिटीस आहे" एवढ्यावर कोणी तुमच्या कामाबद्दल मत बनवत असेल तर त्याने अर्धीच गोष्ट ऐकली आहे.

शुगर लो झाली की कामावर नेमकं काय होतं?

७० (mg/dL) च्या खाली गेली की लो धरतात, ५४ च्या खाली गेली की मेंदूला साखर कमी पडते आणि डोकं नीट चालत नाही. बाहेरून ते असं दिसतं: मीटिंग चालू आहे, एसी चालू आहे आणि या माणसाच्या कपाळावर घाम आहे, समोरच्या कागदावरची एकच ओळ तो परत परत वाचतोय आणि डोक्यात काही शिरत नाहीये, हात थरथरतायत म्हणून टेबलाखाली धरलेत, कोणी साधं विचारलं तर एकदम चिडून बोलतो. बघणाऱ्याला वाटतं नीट झोपला नसेल, किंवा पिऊन आलाय. असं वाटल्यामुळे मदतीऐवजी मेमो हातात पडल्याच्या गोष्टी या आजाराच्या लोकांकडून ऐकायला मिळतात आणि ऐकून वाईट वाटतं, कारण उपाय खिशात बसेल एवढा असतो. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर तोंडात टाकायची, १५ मिनिटं थांबून परत तपासायचं, अजून लो असेल तर परत तेवढंच घ्यायचं. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते.

एक लक्षात ठेवा, आकडा वर आला म्हणजे लगेच डोकं पूर्ण जागेवर आलं असं नाही. ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्यांना शुगर नॉर्मल झाल्यावर आणखी ४५ मिनिटं थांबायला सांगतात. हिशोबाचं किंवा मशीनचं काम असेल तर हाच धडा घ्या, घाईने खुर्चीवर परत बसू नका.

लोकांसमोर लो होऊ नये म्हणून मी कामाच्या वेळी शुगर मुद्दाम वर ठेवतो, चालेल का?

हा प्रश्न उघडपणे कमी लोक विचारतात पण करणारे खूप आहेत, आणि मला विचाराल तर या सगळ्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. कामाच्या आधी इन्सुलिन कमी घ्यायचं किंवा टाळायचं, जरा जास्त खाऊन निघायचं, २०० च्या वर असली की निर्धास्त वाटतं. दिवस निघतो, कोणाला कळत नाही, साहेब खूश. पण आठवड्याचे पाच-सहा दिवस, दिवसाचे नऊ-दहा तास, असं वर्षानुवर्षं चाललं तर ती शुगर डोळ्यांच्या पडद्यावर, किडनीवर, पायाच्या नसांवर काम करत राहते.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या १४४१ लोकांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ज्यांनी शुगर घट्ट सांभाळली त्यांच्यात डोळ्यांचा त्रास नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी होतं आणि नसांचा त्रास ६० टक्क्यांनी कमी. टाइप २ बद्दल ब्रिटनच्या अभ्यासाने १९९८ मध्ये तीच दिशा दाखवली. पण त्या १९९३ च्या अभ्यासात दुसरी बाजूही होती, घट्ट सांभाळणाऱ्यांना गंभीर लो साधारण तिप्पट वेळा झाले. कामावर जाणारा माणूस या दोन टोकांच्या मध्ये अडकतो. आज लाज वाटू नये म्हणून शुगर वर ठेवायची आणि त्याची किंमत पंधरा वर्षांनी डोळ्यांनी मोजायची, असा हा सौदा आहे आणि तो कोणावरही लादला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. दहा मिनिटांचा ब्रेक आणि तपासायची मोकळीक मिळाली तर बऱ्याच जणांना हा सौदा करावाच लागणार नाही.

तुम्ही हे करत असाल तर अपराधी वाटून घेऊ नका, डॉक्टरांना खरं सांगा. "मी कामावर लो व्हायला घाबरतो" हे वाक्य ऐकल्यावर डोस, इन्सुलिनचा प्रकार, सेन्सर (अंगावर लावून सतत शुगर दाखवणारं यंत्र), सगळ्याचा नव्याने विचार करता येतो. नाहीतर ते फक्त वाढलेला एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) बघून डोस वाढवतात आणि तुम्ही तो घेत नाही, असं चक्र चालू राहतं.

इंटरव्ह्यूमध्ये सांगावं का?

बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यूत तब्येतीचं स्वतःहून सांगायचं बंधन नसतं, अमेरिकेत तर ऑफर देण्याआधी मालकाने आजाराबद्दल विचारणंच कायद्यात बसत नाही. माझं मत असं, आधी तुमचं काम बोलू दे, ऑफर हातात आली की मग काय लागणार आहे ते सांगा. मात्र मेडिकल फॉर्मवर सरळ विचारलं असेल तर खोटं लिहू नका, पुढे आजारापेक्षा खोटं लिहिल्याचंच कारण दाखवून काढता येतं. आणि गाडी, क्रेन, उंचीवरचं काम असं काही असेल तर सांगणं आलंच, तिथे दुसऱ्यांच्याही जिवाचा प्रश्न असतो.

मेडिकलमध्ये एचबीएवनसी जास्त आला म्हणून अनफिट केलं, हे बरोबर आहे का?

नाही, शास्त्राच्या दृष्टीने हे कच्चं आहे. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. एखाद्याची शुगर दिवसभर ४० ते ३०० अशी वरखाली होत असेल तरी सरासरी छान येऊ शकते आणि दुसऱ्याचा आकडा जास्त असूनही त्याला एकदाही लो झालेलं नसेल. अॅनिमिया असला तर आकडाच चुकीचा येतो. आज हा माणूस हे काम सुरक्षितपणे करू शकतो का, याचं उत्तर त्या एका आकड्यात नाही.

लघवीतली साखर बघून ठरवणं तर त्याहून चुकीचं. एम्पाग्लिफ्लोझिन, डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकूनच काम करतात, म्हणजे औषध नीट घेणारा माणूस त्या तपासणीत दरवेळी नापास होणार.

मग बघायचं काय? गंभीर लो, म्हणजे दुसऱ्याने मदत करावी लागली असा, गेल्या वर्षभरात किती वेळा झाला, लो होताना स्वतःला कळतं का, माणूस नियमित तपासतो का, डोळे आणि पाय या कामापुरते ठीक आहेत का, आणि कामात नक्की काय करायचंय. अनफिटचा शेरा आला तर तो लेखी मागा, कारण विचारा आणि तुमच्या डायबिटीसच्या डॉक्टरांचं याच मुद्द्यांवरचं पत्र जोडून फेरतपासणी मागा. नुसतं "पेशंट ठीक आहे" असं लिहिलेल्या चिठ्ठीचा फार उपयोग होत नाही.

ड्रायव्हर, पायलट अशी कामं कायमची बंद का?

पूर्वी बहुतेक ठिकाणी बंदच होती, आता चित्र बदलतंय. कॅनडाने इन्सुलिनवरच्या पायलटना २००२ च्या सुमारास परवानगी द्यायला सुरुवात केली, ब्रिटनने २०१२ मध्ये आणि अमेरिकेने २०१९ मध्ये एअरलाइनच्या पायलटसाठी दरवाजा उघडला. अटी कडक असतात, उड्डाणाआधी आणि उड्डाणात ठराविक वेळाने शुगर बघायची, नोंदी ठेवायच्या, पण पायलट झाले. अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्यांसाठीही २०१८ मध्ये नियम बदलला, आधी इन्सुलिनवाल्याला खास सूट मागावी लागायची, आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या माहितीवरून माणसागणिक ठरवतात.

साधी गाडी चालवणाऱ्यांसाठी: इन्सुलिनवर असाल तर निघण्याआधी तपासा, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी तपासा, ९० च्या खाली असेल तर आधी काही खा. लो होताना कळतच नसेल तर गाडी चालवू नका, यात कसली तडजोड नाही.

लो होताना मला कळतच नाही, आता?

वारंवार लो झालं की शरीर इशारे द्यायचं कमी करतं. चांगली बातमी ही की काही आठवडे लो होऊच दिलं नाही तर बऱ्याच जणांना इशारे परत जाणवायला लागतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा, तोवर अलार्म देणारा सेन्सर मिळाला तर फार मदत होते, आणि धोक्याच्या कामावरून तात्पुरती बदली मागायला संकोच करू नका.

नाइट शिफ्ट करावी का?

जमणारे आहेत, पण सोपं नाही. झोप बिघडली की शुगर बिघडते, जेवणाच्या वेळा उलट्या होतात. सगळ्यात त्रास फिरत्या शिफ्टचा, या आठवड्यात दिवस, पुढच्या आठवड्यात रात्र, म्हणजे डोसचं गणित बसेपर्यंत शिफ्ट बदललेली असते. शिफ्ट टाळता येत नसेल तर निदान एकच फिक्स मागा, आणि दिवस-रात्रीचे वेगळे डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने बदलू नका.

ऑफिसकडे मागायचं तरी काय?

लोकांना वाटतं फार मोठं काहीतरी मागावं लागेल. खरं तर यादी साधी असते: ठरलेल्या वेळी खायला आणि तपासायला ब्रेक, जागेवर ग्लुकोज आणि पाणी ठेवायची परवानगी, सेन्सर मोबाइलला जोडलेला असेल तर मोबाइल जवळ ठेवायची मुभा (फोन लॉकरमध्ये ठेवा म्हणणाऱ्या कंपन्यांत हा मोठाच प्रश्न होतो), इन्सुलिनला थंड जागा, वापरलेल्या सुया टाकायला बंद डबा, तपासणीला जायला सुट्टी, पायाचा त्रास असेल तर बसून करायचं काम.

आणि टोचायला स्वच्छ जागा. कितीतरी लोक टॉयलेटमध्ये जाऊन, फ्लशच्या टाकीवर पाउच ठेवून, एका हाताने शर्ट धरून इन्सुलिन घेतात, बाहेरून कोणीतरी दार वाजवत असतं. आपण जिथे जेवणार नाही तिथे कोणाला सुई टोचायला लागू नये, एवढी मागणी कुठल्याही मॅनेजरला समजायला हवी. ज्यांना चारचौघांत जागेवर बसून घ्यायचंय त्यांना ते करू द्यावं, ज्यांना आडोसा हवा त्यांना एक खोली द्यावी.

मागणी लेखी करा, ईमेल पुरे. आजाराचा इतिहास लिहीत बसू नका, काम नीट व्हावं म्हणून काय लागेल ते लिहा.

उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल तर?

वापरात असलेलं इन्सुलिन साधारण ३० डिग्रीच्या आतच ठेवायचं, बहुतेक प्रकार उघडल्यावर चार आठवडे चालतात. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पँटच्या खिशात ते खराब होतं आणि दिसायला तसंच दिसतं. थंड राहणारं पाउच वापरा आणि अंगमेहनतीच्या दिवशी जास्त वेळा तपासा, मेहनतीने आलेला लो काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही येतो.

पुढे अपंगत्व येतं ते कशाने, आणि आधी काय दिसतं?

डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण तिथे फसगत सगळ्यात जास्त. पडद्याचा आजार बराच पुढे जाईपर्यंत नजर चांगली राहते, म्हणून "मला तर स्पष्ट दिसतंय" याला अर्थ नाही. कमावत्या वयात नजर जाण्याच्या मोठ्या कारणांमध्ये हा आजार आहे आणि वेळेत सापडला तर लेसर, इंजेक्शन असे उपाय आहेत. टाइप २ वाल्यांनी निदान झाल्याबरोबर, टाइप १ वाल्यांनी पाच वर्षांच्या आत, आणि नंतर डॉक्टर सांगतील तसा, बहुतेकदा वर्षातून एकदा, पडदा तपासून घ्यायचा.

पायांचं काम हळू बिघडतं. आधी मुंग्या, आग, मग बधिरपणा. बुटात खिळा किंवा खडा असला तरी दिवसभर कळत नाही, संध्याकाळी मोजा ओला लागतो तेव्हा बघतो तर जखम. उभं राहायचं काम असेल तर रोज घरी आल्यावर तळवे बघा, बूट घालण्याआधी आत हात फिरवा, नवीन सेफ्टी शूज पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट घालू नका. जखम दिसली की त्याच दिवशी दाखवा, आठवडाभर कामावर ढकललेली जखमच पुढे पाय घेऊन जाते.

हातांबद्दल कोणी बोलत नाही. खांदा आखडणं, बोट अडकणं, मनगटात नस दबणं हे डायबिटीसमध्ये जास्त होतं आणि टायपिंग, शिलाई, दुरुस्ती अशी कामं करणाऱ्यांची रोजीरोटीच त्यावर असते. वयाचं दुखणं म्हणून सोडू नका.

किडनी गेली आणि डायलिसिस लागलं तर हॉस्पिटलात साधारण आठवड्यातून तीन वेळा, दरवेळी चारेक तास. नोकरी टिकवणं अवघड होतं पण पोटावाटे डायलिसिस घरी रात्री करता येतं, नोकरी चालू ठेवायची असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून विचारा.

माझ्या सुट्ट्या फार होत नाहीत, तरी काम मागे पडतं, मी आळशी झालोय का?

नाही. शुगर वर असली की थकवा येतो, रात्री लघवीला उठून झोप मोडते, दिवसा डोळ्यांपुढे धूसर होतं. कामावर हजर आहे पण अंगात जीव नाही ही अवस्था खरी आहे आणि मोजलेलीही आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०२२ चा हिशोब मांडला त्यात डायबिटीसमुळे बुडालेल्या कामाची किंमत १०६ अब्ज डॉलर धरली होती, आणि त्यात हजर राहूनही काम कमी होण्याचा वाटा सुमारे ३६ अब्ज होता, अपंगत्वामुळे काम सुटण्याचा सुमारे २८ अब्ज. म्हणजे फक्त हजेरी बघणाऱ्या कंपनीला खरा तोटा दिसतच नाही.

मनाचंही बघा. डायबिटीस असलेल्यांमध्ये डिप्रेशन इतरांपेक्षा जास्त दिसतं, आणि रोजचे आकडे, टोचणं, हिशोब याचाच एक वेगळा शीण असतो. सकाळी मीटर हातात घ्यावासाच वाटत नाही असं व्हायला लागलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे.

नोकरीत असतानाच अपंगत्व आलं तर नोकरी जाते का?

लगेच राजीनामा देऊ नका, हे सगळ्यात आधी. घरचे म्हणतात आता आराम कर, साहेब म्हणतो बघ बाबा तुझं तूच, आणि त्या भरात सही होते. आधी कामाचं स्वरूप बदलून मिळेल का विचारा: मोठी अक्षरं दाखवणारं किंवा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, बसून करायचं काम, कमी तास, दुसरा विभाग. भारतात २०१६ च्या कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेत सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरी जागा द्यायची असते. इतर देशांत आणि खाजगी नोकरीत नियम वेगळे असतात, तेव्हा सही करण्याआधी युनियन, वकील किंवा अपंगांसाठी काम करणारी संस्था यांना विचारा. पेन्शन, विमा, भरपाई यांचे अर्ज बहुतेकदा नोकरी चालू असताना करणं सोपं जातं.

सहकाऱ्यांना किती सांगू?

सगळ्या ऑफिसला सांगायची गरज नाही, पण शेजारी बसणाऱ्या निदान दोघांना सांगाच, दोन अशासाठी की एक रजेवर असू शकतो. त्यांना एवढं कळलं तरी पुरे: मला घाम आला, मी विचित्र बोलायला लागलो की वाद घालू नका, ग्लुकोज या ड्रॉवरमध्ये आहे, ते हातात द्या आणि मी नको म्हटलं तरी जवळ थांबा. बेशुद्ध पडलो तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा, ग्लुकागॉनचं (शुगर वाढवणारं औषध) इंजेक्शन किंवा नाकात मारायचा स्प्रे ठेवलेला असेल तर द्या. इन्सुलिन मात्र कोणी देऊ नका. हे कसं करायचं ते एकदा शांत डोक्याने, चहाच्या वेळेत दाखवून ठेवा, ड्रॉवर उघडून.